एकाच हाताला लागलेली गाडी

नाशिकहून रात्रभर आगगाडीत आदळत-आपटत नांदेडला उतरले, तेव्हा सकाळचे आठच वाजले होते आणि फलाट आतापासूनच तापला होता. माणसं सावली शोधत होती. आमचे हे, म्हणजे भास्करराव, वय वर्षं सहासष्ट, मात्र वरातीला निघाल्यासारखे छाती काढून चालले होते. डोक्यावर कापडी टोपी, गळ्यात रुमाल आणि हातांत चामड्याचे हातमोजे. एप्रिल महिन्यात, नांदेडात, हातमोजे! हमालसुद्धा वळून बघत होता. मी चार पावलं मागून चालले, ओळख नसल्यासारखी.

निमित्त काय, तर इटालियन बनावटीच्या जुन्या मोटारींच्या हौशी मालकांचा मेळावा. नांदेडहून लातूरला ताफ्यानं जायचं, तिथल्या मंगल कार्यालयात आठवणी सांगायच्या, सत्कार करून घ्यायचा आणि परत यायचं. सत्कार कोण करणार? हेच एकमेकांचा. आणि भर एप्रिलातच का? तर ह्यांची ती जगप्रसिद्ध शर्यत एप्रिलात झाली होती म्हणून.

ती शर्यत मी अडतीस वर्षं ऐकतेय. कॉलेज संपल्या संपल्या हे आणि लातूरचे शिवलिंगअप्पा, दोघे जिवलग मित्र, दोघांच्याही वडिलांकडे एकेक डुक्कर फियाट. (जुन्या गोलमटोल फियाटला सगळे हेच म्हणतात, नाव मी ठेवलेलं नाही.) पैज लागली, नांदेडहून एकदम निघायचं, लातुरात आधी पोचेल तो खरा गडी. हे म्हणतात, मी जिंकलो. अप्पा म्हणतात, मी. मला बघायला आले तेव्हा पोह्यांची बशी संपायच्या आत ह्यांनी ही शर्यत माझ्या वडिलांना ऐकवली होती. वडील बिचारे भोळे. म्हणाले, मुलगा धाडसी आहे.

लग्नानंतर मी एकदा म्हटलं, मलाही चालवू द्या ना. त्यावर जे उत्तर मिळालं ते आजतागायत बदललेलं नाही. "ती शर्यत जिंकलेली गाडी आहे. एकाच हाताला लागलेली. दुसरा हात लागला की बिघडते." नाशिकमध्ये पंचवीस वर्षं मी माझी गाडी चालवतेय, कसारा घाट माझ्या पायाखालचा आहे. पण ह्या डुकराच्या स्टिअरिंगला बोट लावायची मनाई. गाडी असते इथं नांदेडला, दिरांकडे. एकदा त्यांच्या शेडमध्ये मी नुसती आत जाऊन बसले होते, तर "उतर, उतर!" म्हणून असे ओरडले की शेजारणी भिंतीवरून डोकावल्या. ते मला अजून लागतं. खरं सांगायचं तर ह्या खेपेला मी तेवढ्यासाठीच आले होते. शेवटचं विचारायचं, आणि नाही म्हणाले तर पुन्हा जन्मात त्या गाडीत बसायचं नाही, असं ठरवून.

दिरांच्या घरामागे पत्र्याच्या शेडमध्ये गाडी उभी होती. पांढरी, पोट सुटलेली, पुढची दारं उलटी उघडणारी. ह्यांनी तिला असं काही पुसलं, की माझ्या आजारपणात माझं कपाळही कधी इतक्या हळुवारपणे पुसलं नसेल. मी विचारलं, "लातूरपर्यंत नको, निदान लोह्यापर्यंत तरी मी चालवते."

हे दिरांकडे बघून हसले. "अगं, इटलीचं रक्त आहे तिच्यात. बाईमाणसाला दाद द्यायची नाही."

इटलीचं रक्त! रेडिएटरात दिरांच्या बोअरचं पाणी, सीटवर देगलूरच्या बाजारातलं रेक्झिन आणि हॉर्न कुठल्याशा ट्रकचा. पण दिरांसमोर तोंड वाजवायचं नाही म्हणून मी गप्प बसले. सामान आधीच आत ठेवलेलं होतं, म्हणून बसलेसुद्धा.

ताफ्यात नऊ वाहनं होती. सात फियाट, एक स्कूटर (तीही मूळची इटलीचीच, असं तिच्या मालकानं तीनदा सांगितलं) आणि एक लाल गाडी, जी चक्क टेम्पोत चढवून आणली होती. "इंजिनाला त्रास नको," असं तिचा मालक म्हणाला. गाव जवळ आलं की हे महाशय ती उतरवून घ्यायचे, हात हलवत गावातून जायचे आणि पलीकडच्या वेशीला पुन्हा टेम्पोत. मी हसले तर ह्यांनी डोळे वटारले.

लोह्याला नाश्ता होता. गरमागरम सुशीला (चुरमुऱ्यांचा उपमा) आणि वर मिरचीची भजी. एवढी एक गोष्ट मात्र अप्रतिम, तिच्यात खोट काढायला जागा नाही. पण खाऊ देतील तर ना! प्रत्येकाच्या तोंडात घास आणि घासाच्या वर आठवण.

"माझ्या गाडीचा काटा तवा ऐंशीच्या खाली यायचाच न्हाई," उदगीरचे एक जण सांगत होते.

"चालू होता का पण तो काटा?" मी विचारलं.

त्यांनी जरा विचार केला. "न्हाई," म्हणाले, "ऐंशीवरच अडकलेला व्हता."

लोह्यापासून पुढे रस्ता चांगला रुंद झालाय. दोन्ही बाजूंना काळं रान, तूर निघून गेलेली, मध्येच उसाचा एखादा हिरवा तुकडा आणि लांब बालाघाटच्या बोडक्या टेकड्या. आमच्या शर्यतवीरांना वाटेत एका दुधाच्या टेम्पोनं मागे टाकलं, मग कॉलेजच्या बसनं, मग स्कूटीवरच्या दोन मुलींनी. त्या हसत हसत फोटोही काढून गेल्या. हे म्हणाले, "बघ, लोकांना किती कौतुक आहे."

अहमदपूरला शिवलिंगअप्पा त्यांची निळी फियाट घेऊन सामोरे आले. कपाळावर विभूतीचे पट्टे, पांढराशुभ्र सफारी, डाळीचा मोठा व्यापार आणि त्याहून मोठा आवाज. "वैनी, खरं सांगा, ह्यानं तुम्हाला काय सांगून ठिवलंय? जिंकलो म्हून? लई खोटारडं माणूस हाय हे!"

"अप्पा, तू माझ्या मागं होतास," हे म्हणाले.

"मागं? अरे, तुला माझी धूळ तरी दिसली का?"

दहा मिनिटं हे असं चाललं. मी मध्येच विचारलं, "बरं, पण किती अंतरानं जिंकलात?" तशी दोघांनी एकदम ऑइलबद्दल बोलायला सुरुवात केली. अडतीस वर्षांत हा प्रश्न मला कधी सुचला नव्हता, ह्याचं मला तेव्हा नवल वाटलं.

चाकूर सोडलं, दुपारचे साडेबारा झाले. आष्टामोड यायच्या थोडं आधी, एका वळणावर, आमच्या शर्यतवीर गाडीनं दोन उचक्या दिल्या आणि ती गप्प झाली. ताफा हॉर्न वाजवत पुढे निघून गेला. अप्पा तेवढे मागे फिरले, पण खाली उतरल्यावर जागा बघून त्यांचा चेहराच उतरला.

"भास्कर, हितं न्हाई रे थांबायचं," ते हळूच म्हणाले.

"मी थांबवली का?" हे बॉनेटमधून खेकसले.

आमच्या जवळचं पाणी संपलं होतं. रस्त्यापलीकडे चिंचेखाली एक रसवंती होती. मी बाटली घेऊन निघाले, तर हे ओरडले, "तिकडे नको जाऊ! अगं, पुढं दुसरी आहे!" उन्हात उभं राहून माझा आधीच तिळपापड झाला होता. मी मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

रसवंतीच्या बाकड्यावर पटका बांधलेले एक म्हातारबा बसले होते. रसवंती त्यांच्या मुलाची. माझ्याकडे न बघता ते रस्त्यापलीकडे बघत होते.

"डुक्कर फेट हाय नव्हं ती?"

"हो."

"लई वर्सांनी दिसली," आणि ते हसायलाच लागले. "ह्याच वळणावर दोन आलत्या. एक पांढरी, एक निळी. दोन्ही बंद. आन दोन पोरं रस्त्यात हुबी ऱ्हाऊन एकमेकाला शिव्या देऊन राहिलती."

माझ्या हातातली बाटली तशीच राहिली. "मग?"

"मग काय? माझा ट्रॅक्टर कडबा घेऊन लातूरला चाललता. सोल (जाड दोर) लावला, दोन्ही गाड्या ट्रॉलीच्या मागं एकीमागं एक बांधल्या आन नेल्या वढत. शहराच्या अलीकडं सोडल्या. तवर थंड झालत्या, ढकलून चालू झाल्या. मग गेले की दोघं हॉर्न वाजवत!"

"काका, पण लातुरात आधी कोण पोचलं?"

"आधी?" त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मी खुळी आहे की काय, असं त्यांना वाटलं असणार. "आधी माझा ट्रॅक्टर पोचला की, बाई! मग कडबा. त्याच्या मागं ती दोघं."

मी बाकड्यावर बसून इतकी हसले की डोळ्यांतून पाणी आलं. हसता हसता मात्र मध्येच कुठेतरी राग आला, खरा राग. शर्यत हरले असते तर मला काही वाटलं नसतं. पण ट्रॅक्टरला बांधून आणलेल्या गाडीला ह्यांनी मला अडतीस वर्षं हात लावू दिला नव्हता.

"तुम्ही हे कुणाला सांगितलं नाही?"

"न्हाई. कुणी इचारलंच न्हाई." मग त्यांनी पाण्यात भिजवून एक फडकं माझ्या हातात दिलं. "पेट्रोल वढणारा बारका पंप असतो ना इंजिनापाशी, त्याच्यावर हे ठिवा. उन्हानं त्यात वाफ धरती. त्या दिशी बी म्या हेच सांगितलं व्हतं, पर ऐकायला येळ कुणाला?"

"इतकंच?"

"हाव (होय), इतकंच."

मी परत आले. दोघांकडेही न बघता फडकं पंपावर ठेवलं आणि बाटलीतलं पाणी वर ओतलं. दहा मिनिटांनी ह्यांनी स्टार्टर ओढला आणि गाडी सुरू झाली. अप्पा आपल्या गाडीकडे गेले ते जवळजवळ पळतच.

संध्याकाळी लातूरच्या कार्यालयात शाली, नारळ, भाषणं. शर्यतीची गोष्ट दोनदा झाली, एकदा ह्यांच्या बाजूनं, एकदा अप्पांच्या. मग सूत्रसंचालकाला काय सुचलं कोण जाणे, त्यानं "आता वहिनींनी दोन शब्द बोलावेत" म्हणून माईक माझ्या हातात दिला.

"मला आज रस्त्यात एक गृहस्थ भेटले," मी म्हटलं. "त्यांनी ती शर्यत स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती."

अप्पांच्या हातातला पाण्याचा पेला तोंडाजवळच थांबला. हे खाली वाकून बुटाची नाडी बांधायला लागले. बूट बिननाडीचे होते.

"ते म्हणाले, दोन्ही गाड्या लातुरात एकदमच आल्या. दोघींत अंतर होतं ते फक्त एका दोराएवढं."

टाळ्यांचा कडकडाट झाला. काय अटीतटीची शर्यत, असं लोक म्हणत होते. ह्यांनी मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हासुद्धा ह्यांनी माझ्याकडे इतकं निरखून पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे हातमोजे चढवत खाली आले, तेव्हा मी स्टिअरिंगसमोर बसलेली होते.

"अगं..."

"बसा. दार उलटं उघडतं, सांभाळून."

ते बसले. गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच असतो, तो मी अडतीस वर्षं शेजारून बघत आले होते. पहिला गिअर जरा करकरला, दुसरा गुमान पडला. स्टिअरिंग जड आहे, ब्रेक दाबला की गाडी थोडा विचार करून थांबते, आणि पन्नासच्या पुढे सगळा सांगाडा थरथरतो. एवढंच काय ते इटलीचं रक्त. माझ्या हातानं काहीही बिघडलं नाही. पण गंमत म्हणजे, ती उघड्या काचेतून येणारी गरम हवा, पुढचं ते फुगीर नाक आणि हाताखालची धडधड मला इतकी आवडली, की हे सुख ह्यांनी एकट्यानं इतकी वर्षं दाबून ठेवलं म्हणून मला पुन्हा त्यांचा राग आला.

आष्टामोडच्या अलीकडे मी स्वतःहून थांबले. म्हातारबांनी दोन ग्लास रस पाठवला, ह्यांना नमस्कार केला आणि ओळख दाखवली नाही. हे मान खाली घालून रस प्यायले. मग न सांगता उठले, फडकं भिजवून आणलं आणि बॉनेट उघडलं. पुढच्या प्रत्येक थांब्याला ते काम त्यांनीच केलं. मधल्या वेळात फडकं मांडीवर धरून बसायचे. हातमोजे भिजले होते.

फिरायला गेलं की माणसं कळतात, असं लोक म्हणतात. मला एक माणूस कळायला अडतीस वर्षं आणि एक ट्रॅक्टरवाला लागला. आणि कळून तरी काय कळलं, तर बढाया मारणारी माणसं फार घाबरट असतात. एवढ्यासाठी मी आयुष्यभर शेजारच्या सीटवर बसले होते.

नांदेडला पोचलो तेव्हा दीर फाटकात उभे होते. मला स्टिअरिंगवर बघून त्यांचं तोंड उघडंच राहिलं. "वहिनी, तुम्ही? दादा, गाडी बिघडली नाही ना?"

ह्यांनी फडकं पाठीमागे लपवलं. टोपी सारखी केली, छाती काढली. "बिघडते कशाला? लातूर ते नांदेड, अडीच तासांत आणली हिनं. मध्ये कुणाला पुढं जाऊ दिलं नाही. विचार हिला."

आम्हाला पाच तास लागले होते. कडब्याच्या दोन ट्रॉल्या आमच्या पुढे निघून गेल्या होत्या.

दीर माझ्याकडे बघत होते.

"हाव," मी म्हटलं.