तापातलं दूध

"तापाचं दूध पाजून राहिली, अन् वरून गोळ्या! पोट्टीचं काय होईन?"

पडद्यापलीकडे काकू माझ्या सासूबाईंना विचारत होत्या. टॉन्सिल्स इतके सुजले होते की मला थुंकीही गिळवत नव्हती. मांडीवर दोन महिन्यांची लेक.

काकू म्हणजे नवऱ्याची मोठी काकू. त्यांचा उजवा अंगठा कायम पिवळा असायचा. आमच्या मोहल्ल्यात, तात्यापाऱ्यात, कुणाचा घसा धरला की माणसं त्यांच्याकडे येत. हळदीत बुडवलेला अंगठा घशात घालून त्या गाठी दाबत. "आ कर. रडून काहून राहिली? मी काय वाघ आहो?" माझ्याही दाबून झाल्या होत्या. दुसऱ्या दिवशी ताप वाढला.

डॉक्टरबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं: बाळ अंगावर पितंय हे पाहूनच गोळ्या लिहिल्यात, पूर्ण घ्या, पाजणं थांबवू नका. काकूंनी गोळ्या देवघरात नेऊन ठेवल्या आणि लेकीला उचललं. हिंदी मुलखात वाढलेली, इंग्रजी शाळेत शिकलेली मी. मराठी कळायची, उत्तर हिंदीत यायचं. त्या दिवशी मात्र "हव काकू," एवढंच म्हणाले.

लेकीला वाटी-चमच्याने गाईचं दूध सुरू झालं. ती ओकायची, रडायची. पलीकडे ती रडली की इकडे माझा ब्लाऊज भिजायचा. दुपारी काकू पेज घेऊन आल्या. फुंकून फुंकून मला भरवताना म्हणाल्या, "माझा पयला पोट्टा असाच गेला. मले ताप होता, तरी पाजलं. दूध नासलं होतं माझं. सुईण सांगत होती, मी आयकलं नाही."

मी पुढचा घास गिळला.

नवऱ्याला मेसेज केला; लिहिणं मला जमतं. संध्याकाळी सिलतऱ्याच्या कारखान्यातून तो आला, देवघरातून गोळ्या घेतल्या, लेक माझ्याकडे दिली आणि दार लावलं. काकू बाहेर बसून राहिल्या. भांडल्या नाहीत. पण पुढचे कितीतरी दिवस लेक झोपली की तिच्या नाकाशी तोच पिवळा अंगठा धरून श्वास बघत. ती ठणठणीत राहिली, तेव्हा म्हणाल्या, "हिचं नशीब."

गेल्या हिवाळ्यात काकू गेल्या. आदल्या दुपारी मी जवळ होते. अंगठ्याची हळद पार उतरली होती. त्यांना ऐकू येत होतं की नाही, कळत नव्हतं. मी कानाशी वाकले आणि मराठीत म्हणाले,

"काकू, तुमचं दूध नासलं नव्हतं."