किल्ली नंबर दोन

गाडी क्रेनवरून खाली उतरायच्या आधीच नानांनी निकाल देऊन टाकला होता.

"मांजरसुंब्याच्या घाटात पिदाडली यानं. दुसरं काय?"

'यानं' म्हणजे लक्ष्मणनं. लक्ष्मण नानांचा ड्रायव्हर, बावीस वर्षांपासूनचा. क्रेनच्या मागं उभा होता, घामाघूम.

"नाना, म्या दाबली न्हाई. चढावर खडखड आली, तशी लगेच बाजूला घेऊन बंद केली."

"गप बे! स्टेअरिंगवर कोण होतं? तूच ना?"

मग नाना माझ्याकडं वळले. "मिस्तरी, तुमची मशीन लावा. कुणी माती केली ते निघू द्या कागदावर. उद्या पंपावर समद्यांसमोर वाचू."

मी मिस्तरी नाही. डायग्नोस्टिक टेक्निशियन आहे. म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला आपला कॉम्प्युटर जोडून तिच्या पोटात काय झालं ते शोधणारा. पुण्यात परदेशी गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये एकोणीस वर्षं काढली. सुपरवायझरशी खटके उडाले, राजीनामा तोंडावर फेकला आणि गावाकडं आलो. बीडच्या बाहेर नानांचा पेट्रोल पंप आहे, त्यामागच्या त्यांच्याच शेडमध्ये गॅरेज टाकलं. अकरा महिन्यांचा करार, दर वर्षी नवा. इकडं पान्याला हात लावणारा तो मिस्तरी. वर्षभर लोकांना दुरुस्त करत होतो, मग नाद सोडला.

आता ही गाडी समजून घ्या, नाहीतर पुढचं कळायचं नाही. नाव लिहीत नाही. जर्मन सेडान. दिसायला चार दरवाजांची, सोज्वळ, डॉक्टर लोक वापरतात तशी. आत मात्र शर्यतीच्या गाडीचं इंजिन. दर सात-आठ वर्षांनी कंपनी तिची नवी पिढी काढते. नानांना तिचा भयंकर शौक. क्रशर, जिनिंग, पंप सगळं दणक्यात, पण माणूस खुलायचा तो या गाडीपाशीच. एक पिढी विकायची, पुढची आणायची. पुण्या-मुंबईची वापरलेली, पण आणायची म्हणजे आणायचीच.

सगळ्यात जुनी पिढी मी पुण्यात एकदाच उघडली. सहा सिलिंडर, हातानं टाकायचे गिअर. तिच्यात कॉम्प्युटर म्हणावा असा काही नव्हताच. बिघडली तर कानानं, नाकानं शोधायचं. नानांनी पहिल्यांदा आणली ती आठ सिलिंडरची. तिच्या आरपीएमच्या काट्याभोवती पिवळे दिवे होते. इंजिन थंड असताना सगळे पेटलेले, ऑइल गरम होत जाईल तसे एकेक विझायचे. अर्थ एवढाच, की दिवे आहेत तोवर पाय आवरा. मग आली दहा सिलिंडरची. तिचा आवाज! आठ हजार आरपीएमला अंगावर काटा यायचा. पण देखभाल केली नाही तर खिसा फाडणारी. त्यानंतर टर्बोवाली, तिच्यात इंजिनाचा आवाज स्पीकरमधून ऐकवायचे. मी तेव्हाच कपाळावर हात मारला होता. आणि आता ही क्रेनवरची. चारही चाकांना ताकद, समोर स्क्रीन, बटणंच बटणं.

लोक विचारतात, पिढ्यांमध्ये फरक काय? ताकद, वेग, सगळे तेच सांगतात. मला विचाराल तर खरा फरक स्मरणशक्तीचा. पहिलीला काहीच आठवायचं नाही. मधल्या पिढ्या एवढंच सांगायच्या, की अमुक किलोमीटरला इंजिन मर्यादेपलीकडं फिरवलं. ही नवी तारीख सांगते, वेळ सांगते, ऑइल किती थंड होतं ते सांगते. कंपनीचं सॉफ्टवेअर हाताशी असेल तर गाडी कुठल्या किल्लीनं चालू केली होती तेही सांगते. जिल्ह्यात ते सॉफ्टवेअर माझ्याकडं एकट्याकडं होतं.

लक्ष्मणला या गाड्या मी शिकवल्या. माणूस नांदूरघाटकडचा, धनगराच्या घरातला. बाप-भाऊ मेंढरामागं, हा स्टेअरिंगमागं. त्याला एकदा सांगितलं की दगडावरची रेघ. थंड गाडी दाबायची नाही म्हटलं, तर हा पंपावरून निघायचा तो पुढच्या पाली गावापर्यंत मुंगीच्या पावलानं. मागून टमटमवाले हॉर्न देऊन पुढं जायचे. नाना आत बसून शिव्या घालायचे. हा ढिम्म. "मिस्तरी म्हणले हायेत," एवढंच उत्तर. पिढी बदलली, काट्याभोवतीचे दिवे गेले, स्क्रीनवर रेघा आल्या, पण याचं पालीपर्यंतचं व्रत काही मोडलं नाही.

म्हणून मला पहिल्यापासूनच पटत नव्हतं.

ऑइल काढलं. फिल्टर कापून कागद पसरला, तर सगळा चमकीनं भरलेला. ही चमकी म्हणजे बेअरिंगचा भुगा. बेअरिंग म्हणजे इंजिनाच्या फिरत्या दांड्याला वाटीसारखी धरून ठेवणारी पातळ पत्र्याची अर्धगोल पट्टी. तिच्या आणि दांड्याच्या मध्ये ऑइलचा पापुद्रा असतो. ऑइल थंड असलं की घट्ट असतं, वेळेत पोचत नाही. तेव्हा इंजिन जोरात फिरवलं की धातूवर धातू घासतो. त्याच दिवशी मरत नाही. दोन-चार दिवस कण्हतं आणि मग एखाद्या चढावर जीव सोडतं. स्टेअरिंगवर तेव्हा जो असेल, त्याच्या नावानं बोंब.

लॅपटॉप जोडला. घाटातल्या दिवशी काही नव्हतं. वेग साधा, ऑइल गरम, पाय हलका. चार दिवस मागं गेलो. थंडीचे दिवस, सकाळी सात वाजून दहा मिनिटं. गाडी जागेवर उभी. ऑइल चौदा अंश. आणि इंजिन लिमिटरवर, म्हणजे ज्याच्या पुढं कॉम्प्युटर फिरूच देत नाही त्या टोकावर. एकदा नाही, अकरा वेळा. किल्ली नंबर दोन.

मला हसू आलं, तेही वाईट. काय झालं असणार ते आमच्याकडच्या कुणालाही सांगता आलं असतं. वाढदिवसाची सलामी! कुणा भाऊचा वाढदिवस असला की त्याच्या दारात गाड्या लावायच्या आणि जागेवर रेस करून सायलेन्सरमधून फटाके काढायचे. पोरं मोबाइलवर शूटिंग करतात. गाडी जितकी भारी, तितका मान मोठा. थंडीतल्या सकाळी, रात्रभर गारठलेल्या इंजिनाला. जगात दुसरीकडं कुठं असलं करत असतील असं वाटत नाही.

लक्ष्मणकडं असायची किल्ली नंबर एक, करदोड्याला बांधलेली. नंबर दोन नानांच्या मुलाकडं, बंटीकडं.

कागद छापला आणि नानांच्या केबिनमध्ये गेलो. खरं सांगतो, छाती फुगवून गेलो. नानांनी चष्मा लावला. दोनदा वाचलं.

"किल्लीचं पक्कं हाय?"

"शंभर टक्के. नाना, त्या सकाळी गाडी कुठं होती?"

"चौसाळ्याला. बंटी आदल्या दिवशी गेलता. दोस्ताचा वाढदिवस होता." नानांनी चष्मा काढून ठेवला. मग उठून त्यांनी दार लावलं. "मिस्तरी, पंधरवड्यावर बंटीचा साखरपुडा हाय. सासऱ्याकडची माणसं रोज इथं पंपावर बसून चहा पितात. पोरगी देताना त्यांनी एकच इचारलं होतं, पोरगा जिम्मेदार हाय का. मी छातीवर हात मारून हो म्हणलो."

"मग लक्ष्मणचं काय?"

"त्याला मी समद्यांसमोर बोललो. आता माघारी घेऊ? माझं नाक कापून हातात दिऊ?"

"तो निर्दोष आहे, नाना."

"मी कुठं न्हाई म्हणतो?" आवाज एकदम मऊ झाला. मला त्याचीच भीती वाटली. "खोटं लिहा म्हणत न्हाई मी तुमाला. थंड इंजिन दाबलं, एवढंच लिहा. तारीख न्हाई, किल्ली न्हाई. तुमच्या शेडचा करार बी पुढल्या महिन्यात करायचाय की."

पुण्यात सुपरवायझरच्या तोंडावर राजीनामा फेकणारा मी. इथं शेपूट घातली. दुसरं नाव नाही त्याला. शेड गेलं असतं तर दुसरीकडं गॅरेज टाकता आलं नसतं का? आलं असतं. तरीही मी परत गेलो आणि लेटरहेडवर एक ओळ टाइप केली: 'ऑइल थंड असताना इंजिन कमाल मर्यादेपर्यंत फिरवल्यामुळे बेअरिंग निकामी.' अक्षर न् अक्षर खरं. म्हणूनच जास्त हरामखोर.

दुसऱ्या दिवशी पंपावर जायच्या आधी लक्ष्मण शेडमध्ये आला. चहा दिला तर घेतला नाही.

"मिस्तरी, कोन होतं ते निघालं का वो मशीनीत?"

मी स्क्रू गोळा करत होतो. गोळा करण्यासारखे नव्हतेच ते.

"नाही लक्ष्मण. तेवढं नाही कळत तिच्यातून."

"पर तुमीच म्हणला होता, ही नवी समदं ध्यानात ठिवती."

"सगळं नाही ठेवत."

त्यानं मान हलवली. शंका म्हणून घेतली नाही. माझा शब्द होता ना! उलट त्याच्या कपाळावर आठी पडली, स्वतःचंच काहीतरी आठवत असल्यासारखी.

पंपावर दहा-बारा माणसं होती. बंटीच्या सासरचे दोघं. बंटी मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता. नानांनी माझी ओळ मोठ्यानं वाचली आणि कागद खिशात टाकला. कुणाचं नाव घेतलं नाही. गरजच नव्हती. सगळ्यांच्या नजरा जिथं जायच्या तिथं गेल्या. लक्ष्मणनं करदोड्याची किल्ली सोडून टेबलावर ठेवली. मला वाटलं, आता भांडेल, आई-बहीण काढेल. मनातल्या मनात मी वाटच बघत होतो, म्हणजे मलाही बोलावं लागलं असतं. तो नानांच्या पाया पडला. "चुकलं असंल नाना," म्हणाला आणि निघून गेला.

साखरपुडा झाला. शेडचा करार झाला. इंजिन पुण्याला गेलं.

लक्ष्मणला कुणीतरी ठेवेल असं मी स्वतःला सांगत राहिलो. इतका चांगला ड्रायव्हर, स्टेअरिंगला काय तोटा! सात-आठ महिन्यांनी चौसाळ्याच्या बाजारात तो दिसला. खांद्यावर घोंगडं, मागं भाऊ आणि विकायला आणलेली चार मेंढरं.

"कुठं गाडीवर आहेस?" मी विचारलं.

"न्हाई मिस्तरी. सोडलं त्ये."

"कुणी घेत नाही का? मी बोलतो कुणाशी तरी."

"घेत हुते की. नेकनूरचा एक डॉक्टर दोनदा घरी आलता बलवाया. म्याच न्हाई म्हणलो." तो माझ्याकडं बघून हसला, अगदी मोकळं. "लई इचार केला मी. गाडी खोटं बोलत न्हाई, तुमी बी बोलत न्हाई. मंग थंड गाडी दाबली कुनी? बंटीनं दाबली असती तर नाना माझ्यावर ढकलायचे न्हाईत. माझ्याच पायानं दाबली असंल कवातरी, आन् मला ध्यान न्हाई. अशा माणसानं दुसऱ्याची लेकरंबाळं गाडीत घिऊन फिरावं व्हय? पायाचा भरवसा ऱ्हायला न्हाई, मिस्तरी."

एखाद्यानं चपलेनं मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

मी त्याला हाताला धरून माझ्या गाडीपाशी नेलं. मूळ कागद कप्प्यात होता. का ठेवला होता ते विचारू नका, फाडायचीही हिंमत झाली नव्हती एवढंच. त्याला तारीख दाखवली, वेळ दाखवली, किल्ली दाखवली. "बंटी होता. चौसाळ्यात, इथंच. तुझा काही संबंध नव्हता. मला पहिल्याच दिवशी माहीत होतं."

त्यानं त्या ओळीवर बोट ठेवलं. दोनाचा आकडा त्याला वाचता येत होता.

"पहिल्याच दिशी?"

"हो."

"म्या इचारलं तवा बी?"

"हो."

मी म्हणालो, हा कागद घे, डॉक्टरला दाखव, नानांच्या तोंडावर मार, मी बरोबर येतो, आत्ता येतो. सगळं भडाभडा बोललो. त्यानं कागदाची नीट घडी घातली आणि माझ्या शर्टाच्या खिशात ठेवली.

"आठ म्हैने मी माझ्या पायाला शिव्या देत हुतो, मिस्तरी," तो म्हणाला. "आता का म्हून सांगता?"

उत्तर ऐकायला तो थांबला होता. खरंच थांबला होता. भावानं हाक मारली तसा तो मेंढरांकडं गेला.

त्यानंतर मी नानांसमोर, चार माणसांत, किल्लीचं खरं सांगितलं. त्यांनी शेड काढून घेतलं. आता गॅरेज पालीच्या अलीकडं आहे. हे शौर्य म्हणून सांगत नाही, कारण लक्ष्मण परत गाडीवर बसला नाही तो नाहीच. मी निरोप धाडले, डॉक्टरला घेऊन घरीही जाऊन आलो. त्यानं पाणी दिलं, चहा दिला. मला मिस्तरी म्हणाला नाही.

नानांनी मध्यंतरी पुढची पिढी आणली म्हणे, बॅटरी आणि इंजिन दोन्हीवर चालणारी. तिला आणखी जास्त आठवत असणार. पोरं मला हौसेनं विचारतात, नवीन मॉडेलमध्ये विशेष काय आलंय? मी त्यांना सांगतो, पुष्कळ आलंय, पण तिनं सांगितलेलं वाचून दाखवायला अजूनही माणूसच लागतो, आणि त्या पार्टची वॉरंटी कुणीच देत नाही.