झोपेपुरती गोळी

माणूस भेटला की आपल्याकडं पहिलं विचारतात, "जेवण झालं का?" आमचे बबनआप्पा विचारायचे, "रातच्याला झोप लागली का?" हो म्हटलं की वर आणखी, "सपान पडलं का?" दौंडच्या आमच्या गल्लीत नवा भाडेकरू आला की या प्रश्नानं दचकायचाच. आप्पांच्या मनात वावगं काही नसायचं. उपाशी माणसाला दुसऱ्याच्या ताटाची चौकशी करावीशी वाटते, त्यातला प्रकार.

आप्पा पाटसजवळच्या साखर कारखान्यात ऊस गाळायच्या मिलवर फिटर. हंगामात पाळ्या, हंगाम संपला की दुरुस्तीची कामं. मी रेल्वेत कारकून, त्यांचा भिंतीला भिंत लागून शेजारी. कुसुमकाकू गेल्या आणि आप्पांची झोपही गेली. एकुलती लेक सुरेखा शिरूरला नांदत होती, त्यामुळं घरात ते एकटेच. गल्लीनं उपाय सांगण्यात काही कमी केलं नाही. कुणी जायफळाचं दूध पाजलं, कुणी काशाच्या वाटीनं तळपायांना तूप चोळलं, एकानं खाटच फिरवून डोकं दक्षिणेला केलं. आप्पांनी सगळं करून घेतलं. "आता उशी तेवढी खायची ऱ्हायलीया," म्हणाले.

शेवटी मीच त्यांना ओढत डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टर भला माणूस. म्हणाले, "आप्पा, ही गोळी मुळात डिप्रेशनवरची आहे. कमी डोसमध्ये झोपेसाठी देतोय. मला विचारल्याशिवाय बंद करायची नाही. आणि आता खरं सांगा, दिवसा मन कसं असतं? जेवावंसं वाटतं?"

"मन झकास, सायेब. झोप तेवढी द्या."

झकास म्हणे! आदल्याच दिवशी या माणसानं माझ्या देखत भरलं ताट बाजूला सारलं होतं, "कुणासाठी जेवायचं रं," म्हणून. मी तोंड उघडणार तेवढ्यात त्यांनी माझ्या पायावर पाय दिला. मी तसा तापट. बाहेर आल्याबरोबर रस्त्यातच सुरू झालो.

"खोटं कशाला बोललात?"

"आरं, झोपंची गोळी खाणारं म्हातारं घरोघरी असतंय. मनाची गोळी म्हणलं की येड्यात काढत्यात. सुरेखाच्या सासरी कळलं तर? म्हणतील, बाप तसा, लेक बी तसलीच."

मी कपाळावर हात मारला.

गोळी मात्र लागू पडली. तोंडाला कोरड पडायची, सकाळी अंग जड व्हायचं, पण आप्पा झोपायला लागले. थट्टा सुरू झाली. माझ्या बायकोच्या पिठल्याला त्यांनी नावं ठेवली, तेव्हा मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू!

मग हंगाम संपला. मिल थांबली आणि आप्पांनी गोळीही थांबवली. कुणाला विचारणं नाही, काही नाही, एकदम बंद.

"हंगाम उरकला की आमी मिल उघडतो, रोलर काढतो, समदं साफसूफ करतो. शरीराला बी ऑफ सीझन नको व्हय? नव्या हंगामाला बॉयलर पेटला की करू पुन्यांदा चालू."

हे शहाणपण हंगामी कारखान्यात जन्म काढलेल्या माणसालाच सुचावं. मी ओरडलो, "आप्पा, तुम्ही माणूस आहात, मिल नाही!"

"न्हाई ना," ते म्हणाले. "मिलला फिटर तरी असतोय."

पुढं व्हायचं तेच झालं. चक्कर, घाम, चिडचिड आणि झोप पहिल्यापेक्षा वाईट. बॉयलर पेटल्यावर गोळी पुन्हा चालू. डॉक्टर रागावले, समजावलं, पुण्याला मनाच्या डॉक्टरांना दाखवा म्हणाले. आप्पा मान डोलवून घरी आले आणि दरवर्षी तेच करत राहिले. नोकरीच्या शेवटच्या हंगामात मी विचारलं, "झोप लागते ना आता?" तर म्हणाले, "लागती की. पर उठायचं कशाला, त्येची गोळी कुठं हाय?" मला भीती वाटली. साफ सांगतो, त्या दिवशी पहिल्यांदा भीती वाटली.

पुढच्या वर्षी आप्पा रिटायर झाले. कारखान्याचा बॉयलर पेटला, पण त्यांनी गोळी घेतली नाही. "आता मला कसला आलाय हंगाम?" मी हात जोडले, शिव्या दिल्या, बायकोनं डबे दिले. डबे तसेच परत यायचे. सुरेखा भेटायला येणार असली की मात्र दाढी करून, धुतलेली टोपी घालून बसायचे आणि तिच्यासमोर खो-खो हसायचे. तिला काही बोलायचं नाही, अशी मला शपथ घातलेली. शेवटी न्यूमोनियाचं निमित्त झालं. अंगात झुंजायला काही उरलंच नव्हतं.

दशक्रिया झाल्यावर सुरेखा घर आवरायला थांबली. कपाटात गोळ्यांची न फोडलेली पाकिटं निघाली. "काका, या झोपंच्याच ना?"

आता कुणाची शपथ पाळायची? मी सगळं सांगून टाकलं. गोळी कसली, डॉक्टर काय विचारत होते, आप्पा कुणासाठी खोटं बोलत होते, सगळं. ती खाली बसली आणि लहान पोरीसारखी रडली. मग म्हणाली, "मला बी झोप न्हाई, काका. आई गेल्यापासनं न्हाई."

मी चपला घातल्या. "चल, आत्ताच्या आत्ता डॉक्टरांकडं जाऊ. मनात असेल ते सगळं सांग."

तिनं पदरानं तोंड पुसलं. "सांगण्यासारखं काय न्हाई वो. बाकी मजेत हाय मी." आणि ती पाकिटं तिनं आपल्या पिशवीत टाकली.

"सुरेखा, दे त्या गोळ्या इकडं!" मी ओरडलो.

तिनं घाबरून दाराकडं पाहिलं. जावई बाहेर गाडी पुसत होते.

"हळू बोला, काका," ती म्हणाली. "त्यांना ऐकू जाईल."