दोन्या एतेल्विनांनी दिलेली सुट्टी

दोन्या एतेल्विना आरान्सिबिया खोटं कधी बोलत नाहीत. तसं त्या स्वतःच सांगतात, तेही चर्चच्या पायरीवर, चारचौघांना ऐकू जाईल असं. आमच्या सुक्रे शहरात बड्या घरच्या बाईला ‘दोन्या’ म्हणतात, आणि अशा सत्यवचनी दोन्या पैशाला पासरी. मी त्यांची शेजारीण. एकाच अंगणाच्या दोन बाजूंना आमचा जन्म गेला.

त्यांच्याकडे कासिमिरा राबते. तिची लेक आजीपाशी, ताराबुको गावी. आजी दर रविवारी नातीला घेऊन तिथल्या बाजारात बसते. बसने जाऊन लेकीला भेटायला एक रविवार मिळावा, एवढंच कासिमिराचं मागणं. तो विषय काढला की दोन्यांना हटकून चक्कर येते.

एका रविवारी विद्यापीठातली एक मुलगी पाहणी करायला आली. मालकिणी मोलकरणींना कसं वागवतात, हा विषय. मी तिथेच साल्तेन्या, आमच्याकडच्या खिम्याच्या करंज्या, खात बसले होते. दोन्यांनी लगेच ठेवणीतल्या कपबशा काढायला लावल्या.

“रविवारी सुट्टी देता?”

“म्हणजे काय! दर रविवारी. पोटच्या पोरीसारखी आहे ती मला.”

तेवढ्यात पोटची पोर कॉफी घेऊन आली. पाहणीवाल्या मुलीने मान वर केली.

“आज ऐकेचना,” दोन्या घाईने म्हणाल्या. “म्हणे, पाहुण्यांना कॉफी मीच देणार!”

हसावं की बशी फेकून मारावी, मला कळेना.

“आणि तुमच्या ओळखीच्या घरांत?”

आता दोन्या खुलल्या. “काही विचारू नकोस बाई! साखर कुलपात, खायला कालचा पाव, रविवारीही उसंत नाही. या शेजारीणबाईंचंच बघ!”

माझ्याकडे मोलकरीणच नाही. साखरेची किल्ली दोन्यांच्या गळ्यात लोंबत होती.

मुलगी आभार मानून गेली. कासिमिराने शाल उचलली.

“निघू का, बाईसाहेब? बाजार उठायच्या आत पोर भेटेल.”

“निघू? कुठं?”

“दर रविवारी म्हणालात ना आत्ता.”

“ते तिला सांगायचं असतं, येडे! तुला विचारलंय कुणी?”

त्या घरात कासिमिरा कधी खुर्चीवर बसली नव्हती. ती मुलीच्या रिकाम्या खुर्चीत जाऊन बसली.

“मी विचारते. रविवारी सुट्टी देता?”

दोन्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग दाराकडे. ऐकायला बाहेरचं कुणी उरलं नव्हतं.

“नाही देत!”

“मग मी घेते,” म्हणत कासिमिरा उठली आणि बस गाठायला निघून गेली.