उंबऱ्याजवळचा माणूस

“फ्रेजला स्वतःचं क्रियापद नसतं, तिला दुसऱ्याच्या वाक्यात जागा मागावी लागते.”

तातेराव मास्तर हे म्हणाले तेव्हा ते जिवंत होते, याबद्दल कोणाचं दुमत नव्हतं. हिंगोलीत पुनमचंद शेठच्या हळदीच्या आडतीवर जी माडी होती, तिथं त्यांचा इंग्रजीचा वर्ग भरायचा. शिकणारे आम्ही सगळे मोठी माणसं. कोणी मापाडी, कोणी दुकानातला कारकून. भीमसिंग तांड्यावरून यायचा. रेल्वेत रुळांचे सांधे बदलायच्या कामावर होता आणि त्याला तारबाबूची परीक्षा द्यायची होती. सरकारी शाळेत सगळं उर्दूतून चाले, मास्तर मराठीतून समजावत. खालून हळदीची धूळ वर येई आणि काळा फळा पिवळट दिसे.

फ्रेज म्हणजे शब्दांचा जुडगा. अर्थ आहे, पण घडत काही नाही. तिचे प्रकार मास्तर दारावरून दाखवत. ‘द मॅन ॲट द डोअर’ म्हटलं की ‘ॲट द डोअर’ हे शब्द माणूस कोणता ते सांगतात, विशेषणाचं काम. ‘ही स्टूड ॲट द डोअर’ म्हटलं की तेच शब्द तो कुठं उभा होता ते सांगतात, क्रियाविशेषणाचं काम. आणि ‘टु एंटर द हाऊस’ नामाच्या जागी बसतं. त्याला हवं काय, तर घरात शिरणं.

“तोंड पाहून फ्रेज ओळखू नका,” ते म्हणत. “ती कोणाचं काम करून राहिली ते पाहा.”

“आमच्या साहेबाला हे लागू न्हाई,” भीमसिंग म्हणाला. “त्याचं नुसतं तोंडच दिसते.”

अठ्ठेचाळीसच्या पावसाळ्यात रझाकारांची धास्ती वाढली. घरंच्या घरं पैनगंगा ओलांडून वऱ्हाडात निघाली. मास्तर वाशीमला खोली पाहायला एकटे गेले. बायकोला, चतुराबाईला, मागाहून न्यायचं ठरलं होतं. नदीला पूर होता. त्यांनी होडीत गाठोडं ठेवलं, दाटी पाहून स्वतः काठावर थांबले, आणि होडी मधोमध उलटली. हे आम्हाला फार नंतर कळलं. तेव्हा कळलं ते एवढंच, की ग्यानबा गाडीवानाला नदीच्या कडेला त्यांचं गाठोडं सापडलं. त्यातलं व्याकरणाचं पुस्तक फुगून उशीएवढं झालं होतं.

सरहद्दीवर टपाल बंद. वाट पाहून पाहून मास्तरांचे थोरले भाऊ माणिकराव डोंगरकडा गावाहून आले आणि पळसविधी करायचं ठरलं. देह सापडत नाही तेव्हा पळसाच्या पानांचा माणूस करून तो जाळतात. चौघांनी उचलावं इतकं त्यात काही नव्हतं, तरी आम्ही चौघांनीच उचललं.

दहाव्याला कयाधू नदीच्या काठी पिंड ठेवला. कावळे लिंबावर बसून होते, एकही खाली येईना. “तुझ्या मागं हिला अंतर देणार न्हाई,” माणिकराव म्हणाले. कावळे हलले नाहीत. परीक्षा पास होऊन दाखवीन, असं भीमसिंगानं सांगितलं. तरी नाही. चतुराबाई तिशीच्या आतली, आणि त्यांच्यात विधवेचा पाट लागतो, दुसरं लग्न होतं. जाणाऱ्याचा जीव कशात अडकला असेल हे सगळ्यांना सुचलं, बोललं कोणी नाही. शेवटी तीच पुढं झाली.

“ह्या घरात दुसरा माणूस येऊ देणार न्हाई,” ती हळू म्हणाली.

तिचे शब्द संपायच्या आत कावळा शिवला.

रझाकार हटले, दिवाळी झाली आणि मास्तर परत आले. दुसऱ्याच घाटानं नदी ओलांडून ते वाशीमच्या धर्मशाळेत हिवतापानं पडून होते. ते दारात उभे राहिले तेव्हा चतुराबाई ज्वारी पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं आणि दार लावून घेतलं.

मास्तर माडीवर राहू लागले. वर्ग पुन्हा भरला. आम्ही त्यांच्या पायांकडे पाहिलं, आणि नंतर एकमेकांकडे पाहिलं नाही. खालचे हमाल पाण्याचा तांब्या उंबऱ्यावर ठेवून जात, हातात देत नसत.

“तुमी नव्हता मास्तर, तर आमचं इंग्रजी सुतकात व्हतं,” भीमसिंग म्हणाला. कोणी हसलं नाही. त्यानं मुद्दाम त्यांच्या हातून खडू घेतला. “ऊन हाय हात,” तो जिन्यात म्हणाला. मग थोड्या वेळानं, “चितेजवळची राखही ऊनच असते म्हना.”

मास्तर आता फळ्यावर नुसत्या फ्रेज लिहीत. ‘अक्रॉस द रिव्हर’. ‘इन वेट क्लोद्ज’. ‘विदाऊट अ नेम’. पूर्ण वाक्य लिहीतच नसत.

“वाक्य न्हाई, तर ही कोणत्या प्रकारची ते कसं सांगावं?” भीमसिंगानं विचारलं.

“न्हाई सांगता येत,” मास्तर म्हणाले आणि खाली आणखी एक लिहिली.

माणिकरावांनी भटजींना उपाय विचारला. उपाय होता. विधी झालेला माणूस परतला, तर त्याला तूप माखून न्हाऊ घालायचं, लेकरासारखं पाळण्यात घालून नवं नाव ठेवायचं, आणि हळद लावून त्याच्या बायकोशीच पुन्हा लग्न लावायचं. माणिकराव आनंदानं हा निरोप चतुराबाईला द्यायला गेले. चतुराबाई म्हणाली, “नवं नाव म्हंजे दुसरा माणूस. त्यालाच येऊ देणार न्हाई म्हनून मी शब्द दिला.”

मग भीमसिंगाला तोड सुचली. “शब्द तुमालाच दिला व्हता ना, मास्तर? तुमीच म्हना, सोडला. झालं.” मास्तरांनी होकाराची मान हलवली. आम्ही तसा निरोप धाडला.

दुसऱ्या दिवशी दुपारी वर्ग चालू असताना चतुराबाई माडीवर आली. ती पूर्वी कधी वर आली नव्हती. कपाळ उघडं. आत येऊन ती सतरंजीच्या कडेला उभी राहिली.

“हे लोक म्हनतात, तुमी मला मोकळं करता.”

“म्हना, मास्तर,” भीमसिंग म्हणाला.

मास्तर बोलणार, तोच तिनं हात वर केला.

“थांबा. मी शब्द दिला तो मेलेल्याला. त्यानं घेतला, समद्यांनी पाह्यलं. तुमी सोडला म्हनाल, तर घेणारे तुमीच. मंग तुमी मेलेले. आन घेणारे तुमी नसाल, तर ज्यानं घेतला तो कुठंतरी हाय. त्याला इचारल्याबिगर मी तुमाला घरात कसं घेऊ?”

“कावळा भुकेला असंल, वहिनी,” एक मापाडी म्हणाला.

“लिंब भरून कावळे व्हते, भाऊ. मी बोलेपर्यंत एकालाबी भूक न्हाई लागली?” ती मास्तरांकडे वळली. “मला तुमी पायजे. रोज दोन ताटं मांडते, एक उचलून ठेवते. एवढंच सांगा, शब्द तुमी घेतला का न्हाई?”

मास्तर आठवत असल्यासारखे उभे राहिले. कयाधूच्या काठावरच्या त्या दहाव्याचं त्यांना आठवावं असं काही असायला नको होतं. पण त्यांची नजर हळूहळू खाली येत गेली, लिंबावरून कावळा पिंडाकडे उतरावा तशी, आणि तिच्या पायाशी थांबली. चतुराबाईनं ते पाहिलं. आम्हीही पाहिलं.

मास्तरांनी खडू ठेवला. टोपी घातली. आम्ही सरकून वाट दिली, तिनंही दिली, आणि ते जिना उतरून गेले.