वीस अंशांवर अडलेला माल

गुड्रुन लिन्डेगोर आमच्या ऑर्हुसच्या प्रयोगशाळेत एकोणतीस वर्षं एकच काम करत आली. गिनीपिगच्या स्वादुपिंडाच्या पातळ चकत्या तीन मिनिटं किरणोत्सारी खाद्यात बुडवायच्या, धुवायच्या, मग दर दहा मिनिटांनी एकेक उचलून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं, की नवं प्रथिन पेशीत कुठवर पोचलं. बनता बनताच ते पडद्यांच्या पिशव्यांत शिरतं, तिथं त्याचं पुढचं टोक छाटलं जातं, घडी बसते. मग गॉल्जी नावाच्या थप्पीत त्याच्यावर शेवटचा हात फिरतो, पाकिटं बांधली जातात आणि तासाभरात माल पेशीबाहेर पडायला लागतो.

त्र्याहत्तरच्या हिवाळ्यात तेलाची बोंब झाली. सरकारचा हुकूम आला: रविवारी गाड्या बंद, घराघरांत हीटर वीस अंशांवर. आणि त्याच आठवड्यात गुड्रुनचा माल बाहेर येईना. तीनदा केलं, तीनदा गॉल्जीतच अडकलेला.

प्रोफेसर ब्रून म्हणाले, "वय झालं, बाई. हात थरथरतात तुमचे. सोमवारपासून खाली काचेची भांडी धुवायला जा."

"माझे हात थरथरत नाहीत, प्रोफेसर."

"मग काय, पेशी संपावर गेल्या?"

सगळे हसले. मीही हसले, त्याची अजून लाज वाटते.

शुक्रवारी तिला चूक सापडली. सरकारनं सांगितलं म्हणजे सांगितलं, अशी ही बाई! मजल्यावरचे सगळे हीटर तिनंच वीसवर आणले होते, आणि त्याच झपाट्यात चकत्या ज्यात उबेला ठेवायच्या ती कोमट पाण्याची टाकीही. अंगाच्या उबेइतक्या सदतीसची वीस! इतक्या वर्षांत त्या टाकीचा आकडा कधी हलला नव्हता, त्यामुळे बघतंय कोण? आता तो गुपचूप वर नेला असता, तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. हातही शाबूत ठरले असते.

सोमवारी ती बिअरचं खोकं घेऊन आली. आमच्या प्रयोगशाळेत माती खाल्ली की सगळ्यांना पाजायची असते.

"टाकी मीच वीसवर आणली," ती म्हणाली. डोळे भरले होते. "हात ठीक आहेत, डोकंच चालेना. जाते मी खाली."

ब्रूननी उघडलेली बाटली तशीच ठेवली. "तिन्ही वेळा वीस?"

"तिन्ही वेळा."

"आणि तिन्ही वेळा गॉल्जीतच अडला? अलीकडे नाही, पलीकडे नाही?"

"तिथंच."

त्यांनी स्टूल ओढून तिच्यापुढे सरकवलं.

"बसा, बाई. थंडीनं माल नेमका एकाच जागी थांबत असेल, तर तो हवा तेव्हा अडवून तिथं काय होतं ते बघता येईल. आज पुन्हा वीसवरच ठेवा. मुद्दाम."