ठरवून आई झालेली सुजाता

दीड महिन्यापूर्वी, सकाळी दहाच्या सुमारास दिराचा फोन आला. मी पनवेलजवळच्या कोन गावात, घरी भाजी चिरत होते. ‘‘वहिनी, सुजाता गेली,’’ एवढंच म्हणाला तो... चौतिसाव्या वर्षी हृदयविकाराचा झटका. माझी धाकटी जाऊ. दहाव्याला नात्यातल्या एक बाई म्हणाल्या, ‘‘आजारी व्हती तं पोर कशाला पायजे व्हती? बालंतपनानंच खाल्ली तिला.’’ सुजाताची सात वर्षांची मुक्ता तेव्हा दारातच उभी होती आणि मी गप्प बसले. त्याची चीड अजून जात नाही, म्हणून हे लिहिते आहे.

सुजाताला लग्नाआधीपासून ल्युपस होता. शरीराची राखण करणाऱ्या पेशी आपल्याच रक्तवाहिन्यांवर उठतात, असा हा आजार. त्यात गरोदरपण म्हणजे रक्तदाब चढण्याची, बाळाला पोसणाऱ्या वारेत गुठळ्या होऊन त्याला रक्त कमी पडण्याची भीती. तिला सगळं ठाऊक होतं. आजार सहा महिने शांत राहिला, डॉक्टरांनी होकार दिला, तेव्हाच तिनं मूल होऊ द्यायचं ठरवलं.

घोळ घातला तो मी. पोटुशीनं एवढ्या गोळ्या खाऊ नयेत, या समजुतीनं पाचव्या महिन्यात मी तिच्या गोळ्या तांदळाच्या डब्यात लपवल्या आणि ‘संपल्या, आणते’ म्हणत आठवडाभर टाळाटाळ केली. तिची बोटं सुजली, गाल लाल झाले. शेवटी तिनंच डबा उपसला. ओरडली नाही. मला रिक्षात बसवून पनवेलला डॉक्टरांसमोर नेलं. ‘‘यांना सांगा, गोळ्या बाळासाठीच आहेत.’’ गोळी थांबली की आजार उसळतो आणि मग वारेवर येतं, हे त्यांनी सांगितलं तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. परतताना ती म्हणाली, ‘‘आता रक्त पातळ ठेवायचं इंजेक्शन रोज तुम्हीच द्यायचं, वहिनी. शिक्षा.’’ आणि हसली. तीन महिने मी तिच्या पोटावर सुई टोचली. मुक्ता पाच आठवडे आधी आली. दोन किलोचीही नव्हती, पण रडून तिनं वॉर्ड डोक्यावर घेतला.

तर दहाव्याला बोललेल्या बाई, बाळंतपणानं तिला खाल्लं नाही. डॉक्टर म्हणाले, आजारानं हृदयाच्या रक्तवाहिन्या वर्षानुवर्षं आतून पोखरल्या होत्या.

परवा मुक्तानं विचारलं, ‘‘मोठी आई, मी झाले नसते तर आई असती?’’

‘‘आजार तुझ्याही आधीचा, बाळा. तुला तिनं ठरवून आणलं. त्याला कुणी बोलावलं नव्हतं.’’

ती उठली आणि खुंटीवरची आईची मोठी काळी छत्री काढून दुकानात गेली. उन्हानं आजार चेततो, म्हणून सुजाता छत्रीशिवाय बाहेर पडत नसे. मुक्ताला उन्हाचं काही नाही. तरी ती रोज छत्री नेते, आणि मी अडवत नाही.